टॉर्चच्या बल्बचा उजेड कशावर ठरतो: व्होल्टेजवर की करंटवर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन सेलच्या जुन्या टॉर्चमधला २.५ व्होल्ट ०.३ अँपिअरचा बल्ब उडाला. शोधाशोध केल्यावर दोन बल्ब सापडले. एकावर ३.८ व्होल्ट ०.३ अँपिअर लिहिलंय, दुसऱ्यावर २.५ व्होल्ट ०.५ अँपिअर. गुणाकार केला तर पहिला १.१४ वॅटचा आणि दुसरा १.२५ वॅटचा, म्हणजे उजेडात फारसा फरक पडायला नको. प्रत्यक्षात पहिला लालसर आणि मिणमिणता लागतो. दुसरा नव्या सेलवर झकास लागतो, पण जुने सेल टाकले की त्याचा सगळा रुबाब उतरतो. तर उजेड व्होल्टेजवर असतो की करंटवर? आणि रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचेच असतात, ते टाकले तर आणखी अंधार होणार का?

गोंधळ त्या 'की'मध्ये आहे. बल्ब एकच असेल तर व्होल्टेज आणि करंट या वेगवेगळ्या फिरवता येतील अशा दोन कळा नाहीत. तुम्ही बल्बला फक्त व्होल्टेज देता, करंट किती घ्यायचा ते बल्बमधली तापणारी टंगस्टनची तार, म्हणजे फिलामेंट, ठरवतं. बल्बच्या मानेवरच्या कॉलरवर छापलेले दोन आकडे मिळून एकच वाक्य होतं: 'मला ३.८ व्होल्ट मिळाले तर मी ०.३ अँपिअर घेईन.' ३.८ मिळालेच नाहीत तर पुढचं ०.३ लागू होत नाही आणि १.१४ वॅटचा हिशेबही कोसळतो. दोन नवे सेल त्या बल्बला जेमतेम २.६ व्होल्ट देतात. तेवढ्यावर तो साधारण ०.२४ अँपिअर घेतो, म्हणजे ०.६३ वॅटच्या आसपास. ताकद निम्म्यावर आली, उजेड मात्र चौथ्या हिश्शाच्या जवळ गेला. हे दोन उतार सारखे नाहीत, आणि ते का नाहीत हे कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

उजेड फिलामेंटच्या तापमानातून येतो. टॉर्चच्या साध्या बल्बचं टंगस्टन चालू असताना साधारण २४०० ते २७०० केल्विनला असतं. वितळण्याचं तापमान ३४२२ अंश सेल्सिअस, केल्विनमध्ये साधारण ३६९५, म्हणजे अजून जागा आहे, पण ती दिसते तितकी मोकळी नाही. त्याकडे नंतर येतो. २५०० केल्विनला तापलेली वस्तू सगळ्यात जास्त ऊर्जा १.१६ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास फेकते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्या डोळ्याला ०.७ मायक्रॉनच्या पुढचं जवळपास काहीच दिसत नाही. म्हणजे बल्बमधून निघणाऱ्या ऊर्जेचा मोठा ढीग न दिसणाऱ्या उष्णतेचा असतो, आणि आपण त्या ढिगाच्या एका कडेच्या उतारावर जगतो. तापमान थोडं घसरलं की एकूण ऊर्जा तर घटतेच, शिवाय तो ढीग आणखी लाल बाजूला सरकतो आणि दिसणारा हिस्सा दुहेरी मार खातो. तुमच्या ३.८ वाल्या बल्बचं फिलामेंट दोन सेलवर साधारण ३५०-४०० केल्विनने थंड पडलेलं असणार. लालसर दिसणं हे त्याचंच लक्षण आहे. रंग बघून बल्ब उपाशी आहे की नाही हे सांगता येतं. दुरुस्तीला आलेल्या टॉर्चमध्ये मी मीटर लावायच्या आधी रंगच बघतो.

आता करंट हवा तसा का वाढत नाही ते. टंगस्टन तापलं की त्याचा रोध वाढतो, आणि थोडाथोडका नाही. २.५ व्होल्ट ०.३ अँपिअरच्या बल्बचा चालू अवस्थेतला रोध ८.३ ओहम. तोच बल्ब बंद असताना मल्टिमीटरने मोजा, एक ओहमच्याही खाली दिसेल. अनेक जण इथेच घाबरतात: ओहमचा नियम लावून साडेतीन-चार अँपिअरचं उत्तर काढतात आणि बल्ब शॉर्ट आहे असं ठरवून फेकून देतात. बल्ब ठणठणीत असतो. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो, एवढंच. चालू करताना क्षणभर मोठा करंट खरोखरच धावतो, पण सेकंदाचा काही शतांश भाग जायच्या आत फिलामेंट तापतं, रोध चढतो आणि करंट आपल्या जागेवर येऊन बसतो. म्हातारे बल्ब नेमके बटण दाबल्यावरच का उडतात याचं उत्तरही बरंचसं इथे आहे. फिलामेंटवर कुठेतरी झिजून बारीक झालेली जागा असते, ती बाकीच्यांपेक्षा लवकर तापते, आणि या पहिल्या झटक्यात तीच तुटते.

पाण्याच्या नळाची उपमा मी इथे मुद्दाम वापरत नाही. नळात दाब वाढला म्हणून नळ अरुंद होत नाही. फिलामेंट मात्र व्होल्टेज वाढलं की स्वतःच करंटला जास्त अडवायला लागतं. म्हणून व्होल्टेज दुप्पट केलं (आणि बल्ब टिकला) तर करंट दुप्पट होत नाही, दीडपटीच्याही आतच राहतो. जाता जाता: अगदी सुरुवातीच्या टॉर्चमध्ये, म्हणजे डेव्हिड मिसेल यांच्या १८९९ च्या पेटंटच्या काळात, फिलामेंट कार्बनचं होतं आणि कार्बनचा रोध तापल्यावर उलट कमी होतो. १९१० च्या सुमारास तारेसारखं ओढता येणारं टंगस्टन आलं आणि बल्बला हा स्वतःला सांभाळण्याचा गुण मिळाला.

आकड्यांत बोलायचं तर या धंद्यात काही ठोकताळे चालतात. उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, करंट ०.५५ व्या घाताने, वॅट त्यामुळे साधारण दीड घाताने, आणि बल्बचं आयुष्य उणे १२ व्या घाताने. शेवटचा आकडा चुकून छापलेला नाही. घात-बित नको असतील तर असं लक्षात ठेवा: व्होल्टेज १० टक्के कमी केलं तर करंट जेमतेम ५-६ टक्के घटतो, उजेड ७० टक्क्यांवर येतो आणि बल्ब साडेतीनपट टिकतो. २० टक्के कमी केलं तर उजेड निम्म्याच्याही खाली. उलट १० टक्के चढवलं तर उजेड ३८ टक्के वाढतो, पण आयुष्य तिसऱ्या हिश्शावर येतं. २० टक्के चढवलं तर उजेड पावणेदोनपटीच्या पुढे, आयुष्य नवव्या हिश्शावर. टॉर्चच्या बऱ्याच साध्या बल्बांचं ठरवलेलं आयुष्य मुळातच १५ ते ३० तासांचं असतं, त्यामुळे नववा हिस्सा म्हणजे काय ते बघा. हे घात बल्बागणिक थोडे बदलतात, आणि छापील व्होल्टेजपासून २०-२५ टक्क्यांपलीकडे गेलं की त्यांच्यावर फार भरवसा ठेवू नये. दिशा मात्र चुकत नाही.

आयुष्य इतकं झपाट्याने का घटतं? कारण टंगस्टन वितळायच्या खूप आधीपासून उडत असतं. तापलेल्या तारेवरून अणू सुटतात आणि काचेवर जाऊन बसतात. जुन्या बल्बची काच आतून काळपट झालेली दिसते ती यामुळे, आणि ती काजळीही उजेड खाते. तार बारीक होत जाते, सगळीकडे सारखी नाही, आणि बारीक जागा जास्त तापून आणखी बारीक होते. बल्बमध्ये आर्गॉन, क्रिप्टॉन किंवा झेनॉन भरतात ते हे उडणं रोखण्यासाठी. वायू जितका जड तितकी तार जास्त तापवता येते, म्हणून त्याच व्होल्टेजचा आणि तितक्याच करंटचा क्रिप्टॉन बल्ब साध्यापेक्षा पांढरा आणि उजळ दिसतो. व्होल्ट-अँपिअर सारखे आणि उजेड वेगळा, हे कोडं तुम्हाला कधी ना कधी पडेलच, तर त्याचं उत्तर काचेच्या आत आहे.

इथपर्यंतचं एका बल्बबद्दल झालं: त्याला मिळणारं व्होल्टेज तापमान ठरवतं आणि तापमान उजेड ठरवतं. करंटचा आकडा वेगळ्या ठिकाणी कामाला येतो, दोन निरनिराळ्या बल्बांतून एक निवडताना. २.५ व्होल्ट ०.३ आणि २.५ व्होल्ट ०.५ या दोघांची फिलामेंटं छापील व्होल्टेजवर जवळपास सारख्याच तापमानाला असतात. दुसऱ्याचं फिलामेंट जाड असतं, त्याचा तापलेला पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून एकूण प्रकाश जास्त. वॅटचं प्रमाण ०.७५ ला १.२५, एकाच दर्जाचे बल्ब असतील तर प्रकाशही साधारण त्याच प्रमाणात, म्हणजे ६० ला १००.

पण लांब पडणारा झोत वेगळं गणित मागतो, आणि ही गोष्ट मला वाटतं पुरेशी सांगितली जात नाही. चांगल्या रिफ्लेक्टरच्या झोताचा मधला भाग किती प्रखर असेल, हे रिफ्लेक्टरच्या तोंडाच्या आकारावर आणि फिलामेंटच्या पृष्ठभागाच्या झळाळीवर ठरतं. झळाळी म्हणजे तापमान. फिलामेंट जाड आणि मोठं केलं तर मधला ठिपका तितकाच प्रखर राहून पसरतो. म्हणजे लांबवर झोत हवा असेल तर बल्बला त्याचं पूर्ण व्होल्टेज मिळालं पाहिजे किंवा तो जास्त तापणारा, जड वायूचा हवा. पायाखाली आणि आजूबाजूला भरपूर उजेड हवा असेल तर जास्त अँपिअरचा. खऱ्या टॉर्चमध्ये फिलामेंट नेमकं केंद्रात नसतं, रिफ्लेक्टर स्वस्त असतो, म्हणून हा नियम काटेकोर दिसत नाही. बल्बच्या मानेवर चकतीसारखी कॉलर असते, ती फिलामेंट ठरावीक उंचीवर धरते. स्क्रूच्या बल्बात ती उंची बल्बागणिक थोडी बदलते. कधीकधी बल्ब बदलल्यावर उजेड 'कमी' झाल्याची तक्रार येते आणि तो नुसता विस्कटलेला असतो. डोकं थोडं सैल-घट्ट करून फोकस जमतो का ते आधी बघा.

आता जुन्या सेलवर ०.५ वाल्याचा रुबाब का उतरतो ते. तुमच्या प्रश्नाचा गाभा खरं तर हाच आहे. सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं, दोन सेल म्हणजे ३ व्होल्ट, आणि तरी दोन सेलच्या टॉर्चसाठी बल्ब मात्र २.२ ते २.५ व्होल्टचे बनवतात. टॉर्चच्या बल्बांच्या जगभर चालणाऱ्या पीआर मालिकेत बघा: दोन सेलसाठीचा पीआर-२ हा २.३८ व्होल्ट ०.५ अँपिअर, तीन सेलचा पीआर-३ हा ३.५७, चार सेलचा पीआर-१३ हा ४.७५, पाच सेलचा पीआर-१२ हा ५.९५. प्रत्येकाला सेलच्या संख्येने भागा, दर सेलला १.१९ व्होल्ट येतात. बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलंय की करंट वाहायला लागला की प्रत्येक सेल आपल्याच अंतर्गत रोधात काही व्होल्टेज गिळणार, आणि वापरता वापरता आणखी उतरणार. नव्या अल्कलाइन पेन्सिल सेलचा हा रोध ओहमच्या काही दशांशांत असतो. साध्या झिंक-कार्बन सेलचा त्याहून बराच जास्त, आणि सेल वापरला जाईल तसा तो वाढत जातो. जाड सेलात तो कमी, बारीक सेलात जास्त. थंडीत सगळ्यांचाच वाढतो.

एक हिशेब करून दाखवतो. समजा वापरलेले दोन सेल आहेत, काहीही न जोडता मीटरवर दोघांचे मिळून २.८ व्होल्ट दाखवतात, आणि दोघांचा अंतर्गत रोध, स्प्रिंग, स्विच सगळं धरून वाटेत २ ओहम आहेत. ०.५ वाला बल्ब लावला तर तो साधारण ०.४३ अँपिअर ओढतो, वाटेतच ०.८७ व्होल्ट जातात आणि बल्बच्या हाती १.९३ व्होल्ट उरतात. छापील व्होल्टेजच्या ७७ टक्के, म्हणजे उजेड ४२ टक्के. ०.३ वाला लावला तर तो ०.२८ अँपिअर ओढतो, वाटेत ०.५६ व्होल्ट जातात, बल्बला २.२४ मिळतात आणि उजेड त्याच्या पूर्ण क्षमतेच्या ६८ टक्के. पूर्ण क्षमता १०० आणि ६० धरली होती, तर आता मोठा बल्ब ४२ वर आणि लहान ४१ वर. बरोबरी झाली! शिवाय लहान बल्बचं फिलामेंट जास्त गरम आहे, त्यामुळे त्याचा झोत पांढरा आणि मध्यभागी अधिक प्रखर असेल, आणि सेलमधून तो मोठ्याच्या दोन-तृतीयांशच करंट घेतोय. सेल यापुढे उतरले की लहान बल्ब सरळ पुढे जातो.

म्हणून कोणता बल्ब जास्त उजेड देईल याचं उत्तर सेल न बघता देता येत नाही. नवे जाड अल्कलाइन सेल असतील तर ०.५ वाला निःसंशय. बारीक, स्वस्त किंवा अर्धे वापरलेले सेल असतील तर ०.३ वाल्याने फार काही बिघडत नाही, उलट रात्र निघते.

सेल नवे असूनही उजेड पडत नसेल तर बल्बकडे बोट दाखवू नका. माझ्याकडे येणाऱ्या 'मंद' टॉर्चपैकी बऱ्याच टॉर्चमध्ये बल्ब आणि सेल दोन्ही निर्दोष असतात, वाटेत घाण असते. ०.५ अँपिअरच्या बल्बला वाटेत ०.२ ओहम जास्तीचे मिळाले तर ०.१ व्होल्ट जातात. ऐकायला काहीच नाही, पण २.५ पैकी तेवढे म्हणजे ४ टक्के, आणि उजेड १३ टक्के गेला. अर्धा ओहम असेल तर उजेडाचा तिसरा हिस्सा गायब. हा रोध मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर शोधायला जाऊ नका. साध्या मीटरच्या पिनांचा स्वतःचा रोधच तेवढा असतो. करंट मोजायला मीटर मध्ये घातला तर आणखी पंचाईत: मीटर आणि त्याच्या वायरी मिळून सर्किटमध्ये काही दशांश ओहम भर घालतात, बल्ब मंद होतो, आणि तुम्ही मोजता तो मंद झालेल्या बल्बचा करंट.

त्याऐवजी टॉर्च चालू ठेवून व्होल्टेज मोजा, तेही प्रत्येक सांध्यावर. एक पिन सेलच्या बुडाला, दुसरी टॉर्चच्या नळीला. मग नळी आणि बल्बची कॉलर. मग स्विचची दोन टोकं. निर्दोष सांध्यावर ०.०१-०.०२ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. सगळ्या सांध्यांची बेरीज ०.१ व्होल्टच्या वर गेली की मी सफाईला बसतो. मीटर नसेल तरी अडत नाही. मागचं झाकण काढा आणि जाड तांब्याच्या तारेने सेलचं बूड आणि नळीची उघडी धातूची कड जोडा. उजेड एकदम उसळला तर दोष झाकणात, स्प्रिंगमध्ये किंवा आट्यांत. तरीही मंदच असेल तर सेल बाहेर काढून एकावर एक धरा, तीच तार वापरून बल्ब थेट त्यांवर टेकवा. आता उजळला तर दोष टॉर्चच्या अंगात, बहुधा स्विचमध्ये. अजूनही मंद, तर सेल किंवा बल्ब.

सफाईबद्दल एक आगंतुक सल्ला: स्प्रिंग आणि पत्र्यांवर निकेलचा मुलामा असतो, तो काचकागदाने घासून काढू नका, काही दिवसांनी आत गंज धरेल. पेन्सिलचं खोडरबर आणि स्पिरिट पुरतं. अल्कलाइन सेल गळून पांढरा थर आला असेल तर आधी व्हिनेगरचा बोळा, मग पाण्याचा, मग कोरडं करणं. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीच्या कडेवर मात्र थोडं घासावंच लागतं. तिच्यावरचा ऑक्साइडचा थर वीज जाऊ देत नाही.

रिचार्जेबल सेलची तुमची शंका बरोबर दिशेने आहे, पण उत्तर उलटं येतं. निकेल-मेटल हायड्राइड सेलवर १.२ व्होल्ट लिहितात ते काम करत असतानाचे. त्याचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की अर्ध्या अँपिअरला तो फारसा दबत नाही आणि बराच काळ १.२ च्या आसपास तग धरतो. अल्कलाइन १.५ च्या वर सुरू होतो खरा, पण अर्ध्या अँपिअरला पेन्सिल सेल लवकरच १.२-१.३ ला येतो आणि तिथून खाली घरंगळत राहतो. बल्ब तर दर सेलला १.१९ धरूनच बनवलेला आहे! त्यामुळे ०.५ वाल्या बल्बला रिचार्जेबल सेल चांगलेच मानवतात. पहिली काही मिनिटं अल्कलाइन उजळ दिसेल, नंतर रिचार्जेबल पुढे जाईल. शेवट मात्र अचानक येतो. अल्कलाइन हळूहळू लाल होत इशारा देतो, रिचार्जेबल शेवटच्या टप्प्यात झपकन बसतो. बसला की टॉर्च लगेच बंद करा. फार खोल उतरवल्याने आणि त्यातला एक सेल उलट चार्ज झाल्याने हे सेल मरतात.

व्होल्टेज मुद्दाम चढवण्याचा मोह होतो, आणि मर्यादेत ते चुकीचं नाही. काही व्होल्टेज वाटेत वाया जात असेल तर थोड्या कमी व्होल्टेजचा बल्ब टाकणं म्हणजे तेच. पण २.५ चा बल्ब तीन ताज्या सेलवर लावाल तर त्याला दीडपट व्होल्टेज मिळेल. उजेड तिप्पट-चौपट, एकदम दुधाळ पांढरा, आणि आयुष्य काही मिनिटांचं, क्वचित पहिल्याच क्षणी 'टिक'. लिथियम-आयन सेलचं तर नावच नको: पेन्सिल सेलच्या आकारात मिळणारा लिथियम-आयन सेल पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्टचा असतो, दोन म्हणजे ८.४. दिसायला सारखा असल्याने हा घोटाळा होतो. चार्ज न होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल वेगळे, ते चालतात. पण नवेपणी तेही १.५ च्या बरेच वर असतात आणि दबत नाहीत, तेव्हा नाजूक बल्ब त्यांच्यावर नेहमीपेक्षा लवकर जाईल.

हॅलोजन बल्ब असेल तर उलटी काळजीही घ्यावी लागते. त्यातला वायू काचेकडे निघालेलं टंगस्टन परत तारेकडे नेतो, पण काच पुरेशी गरम असेल तरच, साधारण अडीचशे अंशांच्या वर. उपाशी हॅलोजनची काच थंड राहते, ते चक्र थांबतं आणि काच काळी पडू लागते. साध्या बल्बला कमी व्होल्टेज म्हणजे दीर्घायुष्य. हॅलोजनला तो हिशेब एका मर्यादेखाली लागू होत नाही.

डोळ्यांवर मात्र फार विसंबू नका. उजेड ३० टक्के घटला तरी दोन टॉर्च शेजारी-शेजारी धरल्याशिवाय तो बहुतेकांना जाणवत नाही. झोताची पोच तर प्रखरतेच्या वर्गमुळाने बदलते, म्हणून उजेड ७० टक्क्यांवर आला तरी पोच ८४ टक्क्यांच्या आसपास राहते. तुलना करायची तर एकाच भिंतीवर, एकाच अंतरावरून, दोन्ही झोत एकाच वेळी टाकून करा. आणि सेल त्याच वयाचे असू द्या, नाहीतर तुम्ही बल्बांची नाही, सेलांची तुलना करत बसाल.

तुमच्या हातातल्या दोन बल्बांबद्दल. ३.८ वाला तीन सेलच्या टॉर्चसाठी ठेवून द्या, दोन सेलमध्ये तो फक्त टिकेल, उजेड देणार नाही. (रात्रभर मंद दिवा हवा असेल, तर मात्र तो अक्षरशः वर्षानुवर्षं जाईल, पण सेल फुकट उष्णता करण्यात जातील, कारण थंड फिलामेंट वॅटमागे फार कमी प्रकाश देतं.) ०.५ वाला जाड अल्कलाइन किंवा चांगल्या रिचार्जेबल सेलसोबत बसवा, आधी सांधे साफ करून. साधे झिंक-कार्बनच वापरायचे असतील तर २.५ व्होल्ट ०.३ अँपिअरचाच बल्ब नवा आणा, जमल्यास क्रिप्टॉनचा. बसवल्यावर टॉर्च चालू करा, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, आणि मग बल्बच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. २.३ च्या पुढे असेल तर त्या टॉर्चमधून काढण्यासारखा उजेड तुम्ही काढलेला आहे. २.१ च्या खाली असेल तर अजून सेलमध्ये किंवा सांध्यात काहीतरी अडतंय. तो आकडा आणि सेलचा प्रकार इथे लिहा, म्हणजे पुढचं बघता येईल.